तपासणीच्या आधीचे पंधरा दिवस

आमचे हेडमास्तर सर वर्षातून दोनदा कोलेस्ट्रॉलच्या परीक्षेला बसायचे आणि दरवेळी पास व्हायचे. पुसेगावात माझी रक्त तपासायची लॅब आहे, त्यामुळे पेपर माझ्याकडेच. खुर्चीत टेकले की स्वतःच बाही दुमडायचे आणि म्हणायचे, "घे गजू, अभ्यास पक्का झालाय."

हा अभ्यास अख्ख्या गावाला ठाऊक होता, फक्त डॉक्टरांना नव्हता. तारखेच्या आधी पंधरा दिवस सर भजी सोडायचे, तूप सोडायचे, पहाटे फाट्यापर्यंत चालून यायचे. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेली गोळीही तेवढे पंधरा दिवस न चुकता घ्यायचे. रक्त दिलं की तडक समोरच्या हॉटेलात. "काढ रे गरम गरम," हा त्यांचा आवाज मला लॅबमध्ये ऐकू यायचा.

खोड शाळेतली. साहेबांची तपासणी आली की भिंतींना चुना, नवे तक्ते, फळ्यावर सुविचार. आणि आम्हा चार-पाच कच्च्या पोरांना सकाळीच घरी पाठवायचे. "जा रे लेकरांनो, आज तुमाला सुट्टी." रागावून नाही, पाठीवर हात ठेवून. साहेब खूश होऊन गेले की दुसऱ्या दिवसापासून आम्हा कच्च्यांनाच जवळ घेऊन बसायचे. मला पाढे आले ते त्यांच्यामुळे, पुढे हे शिक्षण झालं तेही त्यांच्यामुळेच. म्हणून तर त्यांच्यापुढे तोंड उघडवायचं नाही.

एकदा उघडलं. म्हटलं, "सर, गोळी थांबवली की थोड्या दिवसांत सगळं मूळपदावर येतं. रिपोर्ट तेवढा चांगला दिसतो, आतल्या रक्तवाहिन्या तुंबायच्या त्या तुंबतातच. मी डॉक्टरांना सांगणार."

"लई शहाणा झाला की रे तू!" सर हसले. मग आवाज उतरवून म्हणाले, "रिपोर्ट बिघडला तर पोरगा पुण्याला नेतो म्हणून राहिला. त्या सातव्या मजल्यावर काय करू मी? कोण ओळखतंय तिथं? तुला माझी शपथ हाय गजू, बोलू नको."

शपथ घातली, विषय संपला. खरं सांगायचं तर मीही थकलो होतो. कोलेस्ट्रॉल दुखत नाही, खुपत नाही, माणसाला पटवायचं तरी कसं? दिवसभर तेच तेच बोलून घसा बसतो, ऐकणारा मान डोलावतो आणि समोरच्या हॉटेलात शिरतो. रिपोर्ट छापत राहिलो. डॉक्टर "छान, असंच चालू ठेवा" म्हणायचे, पुण्याहून मुलगा मोबाइलवर अंगठा पाठवायचा.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सर अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले. हिंगोलीला न्यायलाही सवड मिळाली नाही. हृदयविकाराचा झटका, डॉक्टर म्हणाले. मुलगा माझ्या गळ्यात पडून रडला. "गजूभाऊ, रिपोर्ट तर नॉर्मल होता ना!" मी नुसती मान हलवली. तेव्हापासून कुणाचाही चांगला रिपोर्ट हातात आला की मला बरं वाटत नाही.

गेल्या आठवड्यात काकू आल्या, सरांच्या पत्नी. जिना चढताना दम लागतो म्हणून डॉक्टरांनी त्यांनाही तीच तपासणी लिहून दिलेली. सरांच्याच खुर्चीत बसल्या, हात पुढे केला.

"घे बाबा. भ्यायचं काही कारण न्हाई. सरांच्या गोळ्या डबाभर राहिल्या होत्या, पंधरा दिवसांपासून त्याच घेऊन राहिले. रिपोर्ट चांगला आला पायजे, न्हाईतर पोरगं मला पुण्याला नेतंय."

मी सुई खाली ठेवली.

"काहून रे? काय झालं?"

"काकू, आज रक्त घेत नाही." त्यांच्यासमोरच मी डॉक्टरांना फोन लावला. काकूंच्या गोळ्यांचं सांगितलं. मग थांबता आलं नाही, सरांचंही सगळं सांगून टाकलं, भज्यांपासून शपथेपर्यंत.

फोन ठेवला. काकूंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "हे तवाच काहून बोलला न्हाईस रे, बाळा?"