दाराला लावलेला सिलिंडर

आमची इमारत पालिकेच्या मालकीची, सात मजली. रत्नागिरीत सात मजले म्हणजे बरीच उंची झाली. वरून मिरकरवाड्याचे ट्रॉलर दिसतात आणि वारा फिरला की तिथली मासळी घरात येऊन बसते. आम्ही पाचव्या मजल्यावर भाड्याने राहतो. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर इमारत सुधारायचं निघालं. गच्चीला पांढरा रंग, वर सौर पॅनेल, खिडक्यांना दुहेरी काचा, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून जाड अस्तर. कामं चांगली झाली, हे आधी सांगून टाकते. त्या मे महिन्यात आमच्या घरात माणसं पहिल्यांदा दुपारची झोपली. मागचा जिनाही मोकळा केला. आगीच्या वेळी पळायला म्हणून तो बांधलेला होता आणि लोकांनी त्यात आगोटीची, म्हणजे पावसाळ्याची, बेगमी भरली होती: सुकट, नारळ, तुटकी जाळी. सुकट गेली, वास राहिला.

आमचं बिनसलं ते दारांवरून.

प्रत्येक घराला नवं जाड दार बसलं, आग आणि धूर अडवणारं. वर एक लोखंडी हात. दार उघडून सोडलं की तो हात ते आपणहून लावून घ्यायचा आणि लागलं की लॅचही पडायचं. पहिल्याच सकाळी मी गाउनवर कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर आले आणि बाहेरच राहिले. खालच्या मजल्यावरही कोणीतरी स्वतःचंच दार बडवत होतं. जरा बरं वाटलं.

आमच्याकडे दिवसाउजेडी दार लावत नाहीत. लावलंच तर घरचे गावी गेलेत किंवा आत भांडण चाललंय, असं समजायचं. तिन्हीसांजेला तर नाहीच नाही. आणि आमच्या मजल्यावर त्या उघड्या दारांना कामही होतं. शेजारी एक काकू एकट्या राहतात. नवरा बोटीवर होता, तो गेला, मुलगा मुंबईला. आमची दारं कोपऱ्यात काटकोनात. माझ्या उंबऱ्यावरून त्यांची खाट दिसायची आणि खाटेवरून खाली सोडलेले त्यांचे पाय. काकू दिवसभर दाराकडे तोंड करून बसायच्या. जाता-येता मी पाय बघायची. हलले की झालं. मागे एकदा त्या न्हाणीघरात पडल्या तेव्हा पाय दिसले नाहीत म्हणूनच कळलं.

आता दिसायचं ते दार. त्यांचा मोबाईल चार्जिंग वाचावं म्हणून बंद असायचा. बेल वाजवावी तर त्या घाईने उठणार आणि त्या घाईतच पडणार. किल्ली माझ्याकडे होती, पण सारखं किल्ली लावून आत शिरणं म्हणजे झडती घेतल्यासारखं.

मग मी माझ्या दाराला वरवंटा लावला. दाराने तो ढकलून दिला. दुसऱ्या मजल्यावर जांभ्याचा चिरा लावलेला पाहिला, पण पाचव्या मजल्यावर चिरा कोण चढवणार? शेवटी गॅसचा सिलिंडर लावला. काकूंकडचा दुसरा सिलिंडर त्यांच्या दाराला. पंधरवड्यात इमारतीतली बहुतेक दारं अशीच उघडी झाली.

कामावरचे इंजिनीअर कोल्हापूरकडचे. ते तपासायला आले आणि माझ्या दारासमोर बराच वेळ उभे राहिले.

"ताई, हे दार आगीपासून वाचायला आहे."

"हो."

"आणि ते तुम्ही सिलिंडर लावून उघडं ठेवलंय."

"भरलेला आहे," मी म्हटलं. "रिकामा सरकतो."

दोन दिवसांनी ते एक यंत्र घेऊन आले, लग्नात नवरानवरी हॉलमध्ये शिरताना धूर सोडतात तसलं. दारं आहेत तशीच उघडी ठेवायला सांगितली आणि तळमजल्यावर धूर सोडला. तो जिन्याने वर चढला, आमच्या मजल्यावर वळला आणि थेट काकूंच्या घरात गेला. मी धावले. काकू पदर नाकाला लावून खाटेवर तशाच बसलेल्या.

"डासांचा धूर मारतायत काय गो?"

त्यांना उठवून जिन्यापर्यंत आणता आणता माझा जीव गेला. हा धूर लग्नातला होता. खरा असता तर मी त्यांना बाहेर काढूच शकले नसते, हे तिथे उभ्या उभ्या कळलं आणि मला फार भीती वाटली. त्यांच्या जवळचं, त्यांना वाचवेल असं एकच होतं, ते लागलेलं दार. मी दोन्ही सिलिंडर त्याच दिवशी आत नेले. इंजिनीअरचे मात्र आभार वगैरे काही मानले नाहीत.

काकूंची खाट आणि माझा ओटा यांच्यामध्ये एकच भिंत. ठरलं असं की सकाळी उठल्या की त्यांनी काठीने भिंत ठोकायची आणि मी लाटण्याने उत्तर द्यायचं. तिन्हीसांजेला पुन्हा. हे महिनोन् महिने बिनबोभाट चाललं.

मग एका सकाळी भिंत वाजली नाही. चहा उकळला तरी नाही. मी लाटण्याने ठोकलं, पुन्हा ठोकलं. पलीकडे काही नाही. गॅस बंद केला, काकूंची किल्ली घेतली आणि धावले. घाईत किल्ली उलटी घातली, काढून परत घातली. तेवढ्या वेळात मी त्यांच्या मुलाला फोनवर काय सांगायचं, ते मनात जुळवूनसुद्धा ठेवलं.

काकू खाटेवर बसलेल्या. वेणी घातलेली, काठी मांडीवर.

"ठोकलं का नाहीत?"

"येत्येस काय नाय, बघत होते. दार लागलेलं असलं की काय कळतच नाय गो."

मी त्यांना वाट्टेल ते बोलले. इतक्या मोठ्याने मी घरात कधी नवऱ्यालाही बोललेली नाही. मग त्यांच्याच खाटेवर बसले आणि रडले. काकूंनी रडू दिलं. झाल्यावर म्हणाल्या, "च्या करत्ये."

माझं दार माझ्यामागे लागून गेलं होतं आणि माझी किल्ली आतच होती. नवरा कामावरून संध्याकाळी येणार. तोवर मी काकूंकडे, दार लावून. आम्ही चहा प्यायलो, दुपारी पेज जेवलो, लसूण सोलली. त्या दिवशी काकू माझ्याकडे तोंड करून बसल्या होत्या. दाराकडे त्यांची पाठ होती.