उलटी चप्पल

भेटला की तो आधी तुमच्या तोंडाकडे बघायचा नाही. पायांकडे बघायचा. मग मान वर करून म्हणायचा, "दादा, जरा काढून दे ना."

म्हणजे चप्पल. पायातली, वापरलेली. नवी दिली तर घ्यायचा नाही. "नवी तर दुकानात पण हाय. मला झिजलेली पायजे." ती घालून रस्त्यावर एक फेरी मारून यायचा, आणि परत येईपर्यंत त्याची चाल बदललेली असायची. माझी घातली की माझ्यासारखा डावा पाय ओढायचा. लोक हसायचे. मला राग यायचा, पण बोलणार काय? पाय मी ओढतोच.

आम्ही दोघं बोईसरच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होतो. मी सांगोल्याकडचा, पोटासाठी इकडे आलो आणि राहिलो. तो जवळच्याच दांडी गावचा, मच्छीमाराच्या घरातला. माझ्याहून बराच लहान. शिक्षण माझ्याएवढंच, म्हणजे सही करण्यापुरतं. दिवसभर रंगाची पोती भरायचा, नखं कायम निळी. आणि हा माणूस सिनेमात काम करायचा.

तुम्हाला वाटेल मोठ्या सिनेमात. तसं नाही. मुंबई-पुण्याची पोरंपोरी टेम्पोत कॅमेरा टाकून आमच्याकडे यायची. समुद्र, डोंगर, ताडाची झाडं सगळं जवळ जवळ मिळतं म्हणून. त्यांच्या सिनेमात नाचगाणी नसतात. माणसं कमी बोलतात आणि फार वेळ कुठेतरी बघत बसतात. असले सिनेमे आमच्या थेटरात लागत नाहीत. परदेशात लागतात म्हणे. तिकडचे लोक उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि इकडे शेजारच्या खोलीत पत्ता नसतो.

त्यांना पहिल्यांदा होडी पाहिजे होती. होडीबरोबर हा मिळाला. तोंड आवडलं म्हणून त्यालाच तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या केला. आता गंमत अशी की मच्छीमाराच्या घरात जन्मून याला समुद्र लागायचा, म्हणून तर कंपनीत आला होता. होडी खाडीबाहेर गेली आणि हा ओकला. त्यांनी ते तसंच ठेवलं. पुढे कुठल्यातरी देशात कोणीतरी लिहिलं की या नटाने माणसाचं दुःख पोटातून बाहेर काढलं. त्याने ते कोणाकडून तरी वाचून घेऊन मला सांगितलं तेव्हा दोघं पोट धरून हसलो. "दुःख नव्हता दादा, कालवांचा रस्सा होता."

त्या सिनेमात तो बुडून मेला. पुढच्यात ताडावरून पडून मेला. त्याच्या पुढच्यात दवाखान्यात खाटेवर होता, तिथे मेला. दर वेळी सिनेमा नीट सुरू व्हायच्या आत हा गेलेला असायचा. कंपनीतला युपीचा फिटर रोज विचारायचा, "क्या हीरो, इस बार कितनी देर जिया?" एका सिनेमात तर हा सुरुवातीपासूनच भिंतीवरचा फोटो. हार घातलेला. शूटिंग संपल्यावर तो फोटो त्याला भेट दिला, आणि हा येडा हारासकट घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोने हार तोडून चुलीत घातला. "जित्या माणसाला हार घालतात? तुला लाज नाय, त्यांना अक्कल नाय!" मीठमोहऱ्या ओवाळून त्याची दृष्ट काढली, आणि मग फोटो ठेवून घेतला. फोटो चांगला आला होता.

एका सिनेमात तर त्याला काढूनच टाकला. जव्हारकडे थंडीत राहून काम करून आला होता, आणि सिनेमात हा कुठेच नाही. दिग्दर्शक म्हणाला, लांबी जास्त झाली. त्या दिवशी तो माझ्याकडे आला, चहा न पिता बसला. म्हणाला, "दादा, मला हिरो नाय व्हायचा. मला एकदाच शेवटपर्यंत राहायचंय. नावांची पाटी वर चढते ना, तोपर्यंत. लोकांनी उठताना मला बघून उठायला पायजे."

एवढीच त्याची इच्छा. दुसरी मी कधी ऐकली नाही.

माझ्याकडे यायचा तो खरा आमच्या हिच्यासाठी. मोबाइलवर आपलं काम तिला दाखवायचा आणि विचारायचा, "वहिनी, खरं वाटलं का?" ही भाजी निवडत बघायची. तोंडावर सांगायची, "मेलात ते खरं वाटलं. खोकलात ते खोटं. खोकला आला की माणूस आधी भांडं शोधतो." तो मान डोलवायचा. फुकट शिकवणी होती त्याची.

हिची एक सवय होती. बाहेरून आली की दारात चपला भिरकावायची. एक हमखास उलटी पडायची. तुम्हाला माहीतच आहे, दारात चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं म्हणतात. मी उभा जन्म ती चप्पल सुलटी करत आलो आणि तिला बोलत आलो. "अगं, भांडण होईल घरात!" ती आतून म्हणायची, "होऊ दे. तेवढंच बोलाल तरी!"

खरं आहे. मी फार बोलणारा माणूस नव्हे.

तो हसायचा. "वहिनी, जगाच्या चपला मागेन, तुमच्या नाय मागायचो. घालून गेलो तर दिग्दर्शकाशीच मारामारी व्हायची."

ही गेली. पोटाचा आजार होता, फार दिवस चालला नाही. पोरगी सासरी, जावई आला, दिवस झाले, सगळे आपापल्या वाटेने गेले. मी दार लावून बसलो. तो मात्र ड्युटी सुटली की यायचा. कांदा चिरून द्यायचा, बसायचा, जायचा.

काही दिवसांनी त्याच्या तोंडून निघालं की नवा सिनेमा आलाय. दिग्दर्शक एक पोरगी आहे. सगळा सिनेमा एका म्हाताऱ्यावर आहे, ज्याची बायको वारली आहे. आणि तो म्हातारा शेवटपर्यंत जगतो.

माझं डोकं फिरलं. मी सरळ विचारलं, "म्हणजे माझ्याकडे शिकायला येतोस काय रे?"

त्याने मान खाली घातली नाही. म्हणाला, "शिकायला पण येतो, दादा. बसायला पण येतो. खोटं कशाला बोलू."

मी म्हणालो, "ऊठ आणि चालता हो." तो गेला. दुसऱ्या दिवशी परत आला आणि कांदा चिरायला बसला. मला हाकलता आलं नाही. खोटं बोलला असता तर हाकलला असता.

हिच्या चपला दारातच होत्या. मी धुवून पुसून भिंतीला लावून सरळ ठेवल्या होत्या. एका संध्याकाळी मी भाजी घेऊन आलो. कुलपाची किल्ली त्याच्याकडेही असायची, तो आधीच येऊन मोरीत हात धूत होता. दारात मी थांबलो. त्या चपला इतक्या सरळ होत्या की मला बघवेना. परक्या घराच्या वाटत होत्या. मी अंगठ्याने त्यातली एक उलटी केली. आणि आत गेलो. तो पाठमोरा होता. मोरीत पाणी वाहत होतं. त्याने बघितलं नाही असंच मी धरून चाललो.

मासवणला शूटिंग होतं. जायच्या आदल्या दिवशी आला आणि माझ्या पायांकडे बघितलं. "दादा, जरा काढून दे ना." बंद तुटायला आलेली जुनी चप्पल होती. मी काढून दिली. त्याची एक रीत होती, कोणाचीही चप्पल तो तशीच परत करायचा नाही. धुवून, बंद शिवून द्यायचा. शूटिंगहून आल्यावर मला म्हणाला, "बंद शिवून देतो, मग आणतो. दादा, या वेळी शेवटचा सीनपण माझाच घेतलाय. ठेवतील ना रे?"

"न ठेवून सांगतात कोणाला? म्हातारा तूच आहेस," मी म्हणालो.

"म्हातारा मीच हाय. पण कापणारी ती हाय ना."

रोज तेच विचारायचा. ठेवतील ना? पुढे सिनेमा कापायचं, जोडायचं काम मुंबईत चालू होतं आणि हा इकडे सकाळी कामावर जायला निघाला, चहाचा कप हातात होता, तिथेच बसला तो बसलाच. हृदय बंद पडलं म्हणाले. खोकलापण आला नाही.

सिनेमा तुमच्या गावात आणून दाखवीन असं ती दिग्दर्शक पोरगी त्याला म्हणाली होती, ती शब्दाची पक्की निघाली. सिनेमा झाला तेव्हा मशीन आणि पडदा घेऊन दांडीला आली. शाळेच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. त्याची बायको माझ्या शेजारी बसली होती. दिवा मालवला तेव्हा हळूच म्हणाली, "दादा, शेवटपर्यंत हाय ना तो?" मी म्हणालो, "बघू." मला तरी काय ठाऊक.

पडद्यावर माझा डावा पाय चालत होता. तोंड त्याचं, पाय माझा. मधे मधे लोक म्हणायचे, "आता मरेल बघ." सवय होती ना सगळ्यांना. तो मरत नव्हता. बाजारात जात होता, चूल पेटवत होता, कुठेतरी बघत बसत होता. त्याच्या बायकोने माझी बाही धरून ठेवली होती.

मग तो संध्याकाळी घरी येतो. दारात बाईच्या चपला, भिंतीला लावून सरळ. तो थांबतो. पिशवी या हातातून त्या हातात घेतो. आणि अंगठ्याने एक चप्पल उलटी करतो. आत जातो. दार उघडंच राहतं, चपला दिसत राहतात, आणि त्यांच्यावरून नावं वर चढायला लागतात.

मागून एक म्हातारी ओरडली, "अरे, उलटी केलान चप्पल! भांडण होईल ना घरात!"

मी मोठ्याने म्हणालो, "होऊ दे."

सगळ्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. पडद्यावर त्याचं नाव सगळ्यात वर होतं, असं कोणीतरी मला वाचून सांगितलं. मला दिसत नव्हतं.

नंतर त्याच्या घरी गेलो. भिंतीवर तोच सिनेमातला फोटो होता, हार नव्हता. ती म्हणाली, "एकदा घातला तेवढा पुरे झाला." मग आतून माझ्या चपला घेऊन आली. पुसलेल्या होत्या, बंद शिवलेला होता.

"तुमच्या हाय ना? आजारपण नाय, काय नाय, आदल्या दिवशीच शिवून ठेवलान."

मी म्हणालो, "तुझ्या दारात राहू दे. एकटी बाई राहतेस. येणाऱ्याजाणाऱ्याला पुरुषाच्या चपला दिसलेल्या बऱ्या."

मी निघालो, गल्लीच्या कोपऱ्यावरून वळून बघितलं. तिने माझ्या चपला उंबऱ्यापाशी ठेवल्या होत्या, तोंडं आतल्या बाजूला करून. माणूस आत्ताच घरात गेल्यासारख्या.