मुकादमाच्या कपाळाचं कुंकू

शाळेत रोबोटिक्सचा क्लब काढला तेव्हा वाटलं होतं, वर्षभरात कपाटात चार ट्रॉफ्या तरी येतील. ट्रॉफ्या राहिल्या बाजूला, किस्सेच एवढे साचले की स्टाफरूममध्ये चहा आला की कोणीतरी म्हणतंच, "सर, तो मुकादमचा सांगा!" मला तेवढं निमित्त पुरतं.

* * *

मुकादम म्हणजे आमचा रोबोट. श्रीगोंद्याजवळची शाळा, चहूकडे ऊस, त्यामुळे तोडणीच्या टोळीवरचा मुकादम पोरांनी जवळून बघितलेला. लाकडी ठोकळे उचलून डब्यात टाकायचे, हे रोबोटचं काम. पहिल्या दिवशी तो नुसताच वर्गभर हिंडला, ठोकळे पोरांनीच उचलले. अक्षय म्हणाला, "सर, ह्यो निस्ता फिरतोय, काम आपुनच करतोय. मुकादमच हाय ह्यो!"

बारसं तिथंच उरकलं.

* * *

हेडमास्तर बघायला आले. "फळा पुसतो का हा?"

"नाही सर."

"मग करतो काय?"

आमची कॅप्टन कोमल, नववीतली, शांतपणे म्हणाली, "सर, सांगितलेलं ऐकतो."

हेडमास्तरांनी सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. म्हणाले, "म्हणजे या वर्गात एकटा तोच!"

* * *

कोमलचे वडील भाऊसाहेब कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवतात. तालुक्याच्या स्पर्धेला ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आम्ही फॉर्म भरायला गेलो तेवढ्यात त्यांनी मुकादमची पूजा उरकली! ट्रॅक्टरची करतात तश्शी. चाकांना हळद-कुंकू, आणि पुढं दोन डोळ्यांसारखे सेन्सर दिसले, त्यांच्यावर चांगला ठसठशीत मळवट.

शिट्टी झाली. मुकादमला वाटलं समोर भिंत आहे. तो वळला. तिकडंही भिंत! तीन मिनिटं बिचारा जागच्या जागी गरगर फिरला. मागून एक आजोबा म्हणाले, "लई भाविक हाय, प्रदक्षिणा घालतोय!"

इतर टीमही घसरल्या म्हणून आम्ही कसेबसे पुढं गेलो. पण भाऊसाहेबांनी ते मनाला लावून घेतलं. "मी हात लावला का वाटुळं हुतंय. आता मी लांबच बसनार." कोमलनं सेन्सर पुसले, पण चाकावरचं कुंकू कुणाला पुसू दिलं नाही. वडिलांना ती दादा म्हणते. मला म्हणाली, "सर, जिल्ह्याच्या फायनलला दादांनी माझ्याशेजारी उभं राहायला पायजे. बाकी मला काय नको."

* * *

जिल्ह्याची सेमीफायनल. समोर शहरातल्या शाळेची टीम. दोघांचे नऊ-नऊ ठोकळे झाले, मुकादमनं दहावा उचलला, डब्यावर धरला... आणि शिट्टी! घड्याळात अजून सहा सेकंद बाकी. अक्षयच्या मोबाईलमध्ये चक्क व्हिडिओ! मी पंचांकडं धावलो. ते म्हणाले, "निर्णय अंतिम आहे." दहावा ठोकळा तर मोजलाच नाही, उलट शिट्टीनंतर हालचाल केली म्हणून एक गुण कापला! नऊ-नऊची बरोबरीही गेली, आम्ही एका गुणानं हरलो. मी इतका तापलो होतो की माझ्या डोक्यावर चहा उकळला असता.

मागच्या रांगेत भाऊसाहेब मान खाली घालून बसले होते. "मी यायलाच नको हुतं," एवढंच म्हणाले. कोमलनं ते ऐकलं.

* * *

अर्ध्या तासानं कळलं, जिंकलेल्या टीमची एक मोटर जळाली. फायनलला वीस मिनिटं. त्यांची कॅप्टन आर्या हुंदके देत स्क्रू पिळत होती. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं! मास्तर असून बरं वाटलं.

कोमल उठली आणि मुकादमची मोटर चाकासकट सोडवायला लागली. अक्षय ओरडला, "अगं येडी झाली का? त्यांनी हरवलंय आपल्याला!"

"त्यांनी न्हाई, शिट्टीनं हरवलं. ती तिकडं बघ कशी रडतीय. आपुन बी आत्ताच रडलो ना?"

मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला, आणि स्वतःची थोडी लाज.

* * *

मोटर बसली. आर्यानं चाक फिरवून विचारलं, "हे लाल काय आहे?" कोमलनं तालुक्याचा सगळा किस्सा सांगितला, गरगर फिरून दाखवला. दोघी पोट धरधरून हसल्या. मग कोमलनं मागं बोट दाखवलं, "तवापासून दादा लांबच बसतात." आर्या तडक मागच्या रांगेत गेली आणि भाऊसाहेबांचा हात धरून त्यांना थेट फायनलच्या टेबलापाशी घेऊन आली.

"काका, आमच्या रोबोटची पण पूजा करा ना."

"नगं गं बाई, माझा हात..."

"काका, प्लीज!"

कोमलनं टूलबॉक्समधून कुंकवाची डबी काढली आणि वडिलांच्या शेजारी उभी राहिली. पंच घड्याळ बघत होते, सगळा हॉल बघत होता. भाऊसाहेबांनी बोट कुंकवात बुडवलं, रोबोटपर्यंत नेलं आणि मध्येच थांबले.

"पोरी," ते म्हणाले, "तुमचं सेन्सर कुठं हायेत, ते आदी दाव!"