नातीची केशरी कुंची

तीन आठवड्यांच्या पोरीच्या डोक्यावरची कुंची आज उतरवायला लावली. कारण काय, तर ती केशरी होती.

मंडळी, आज नॉटिंगहॅमला माझ्या नातीचं बारसं होतं. कुंची मी स्वतः शिवलेली. जावई आयरिश, टिरोन काउंटीचा. पोर पाळण्यात घालणार, तोच जावयाचे वडील म्हणाले, "हा तर आर्माचा रंग. आमच्यात चालत नाही."

आर्मा म्हणजे शेजारची काउंटी. दोन्हींचं गेलिक फुटबॉलचं, म्हणजे आयर्लंडच्या देशी फुटबॉलचं वैर पिढ्यान्‌पिढ्यांचं. पाळणा राहिला बाजूला आणि व्याह्यांचं पुराण सुरू झालं. फायनलला आर्माला कसं लोळवलं, कोणी कोणाला पाडलं.

मी विचारलं, "आणि हरलात कधी?" लेकीनं इंग्रजी करून सांगितलं.

व्याही चहा पिऊ लागले. विहीणबाई म्हणाल्या, "पुष्कळदा. मी आर्माचीच आहे."

चाळीस वर्षं ही बाई नवऱ्याच्या टीमचा लाल-पांढरा शर्ट घालून मॅचला बसते. माहेर जिंकलं की बाथरूममध्ये जाऊन हसते. तिनंच सांगितलं.

मी कुंची तिच्या हातात दिली. नवऱ्याकडे न बघता तिनं ती पोरीला घातली आणि नाडी बांधली.

माझा राग काही गेला नाही. आमच्याही गावाचं शेजारच्या गावाशी कबड्डीत वैर होतं. पण लग्न झालं की बाईनं टीमही बदलायची, हा कुठला नियम?

माहेरची बाजू उघड कधी घेतलीत, ते लिहा. बायकांनीच लिहायचं. नवऱ्यांनी नुसतं वाचायचं.