नंदू म्हणजे माझा

गोलकीपरच्या घरात किस्से आपोआप साठतात. अडवलेला गोल लोक विसरतात, खाल्लेला गोल मात्र भाजीवालीलाही पाठ असतो! मी सातवी शिकलेली, ऑफसाइड मला अजून कळत नाही. पण आमच्या ह्यांनी कुठला गोल कसा खाल्ला, ते झोपेतून उठवलं तरी सांगेन.

*

ह्यांचं स्थळ आलं तेव्हा निपाणीत माझ्या आप्पांनी मध्यस्थाला विचारलं, "पोरगा काय करतो?"

"बेंगळुरात किपर हाय. पगारी!"

आप्पा खूश. साखरपुड्यात जावयाला हळूच बाजूला घेऊन म्हणाले, "वखार तंबाखूची, का गुळाची?"

*

बेंगळुरूच्या टीमची भाषा कन्नड. उंच बॉल घ्यायला किपर पुढं आला की ओरडायचं, "नंदू!" कन्नडमध्ये त्याचा अर्थ 'माझा'. बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. सगळं सुरळीत चाललेलं, तोवर टीममध्ये आमच्या बेळगावजवळच्या बेळगुंदीचा नवा डिफेंडर आला.

नाव नंदू!

पहिल्याच मॅचला हे ओरडले, "नंदू!" तो जीव खाऊन धावत आला. दोघं आदळले, बॉल गोलात, आणि ह्यांचा खांदा निखळला. स्ट्रेचरशेजारी पळता पळता नंदू म्हणतो, "तूच बोलवलास की रं!"

*

ऑपरेशन झालं. क्लबनं सांगितलं, पुढच्या सीझनला एक मॅच खेळवून बघू. खांदा टिकला तर राहा, नाहीतर घरी.

आम्ही बेळगावला सासूबाईंकडं आलो. माझा जीव टांगणीला. त्यात पोरगी दीड वर्षाची झाली तरी एक शब्द बोलेना. ह्यांनी तिला उचललं की मी म्हणायची, "अहो, आधी खाली बसा."

"क्लबचा इस्वास न्हाय ते समजतंय गं. तुझाबी न्हाय?"

*

सीझन संपला तसा नंदू रोज सकाळी बेळगुंदीहून गाडीवर यायला लागला. सासूबाई दारातच अडवायच्या, "नंद्या, तू डिफेन्सचा न्हवं? मग माझ्या पोरापास्नं लांब ऱ्हा!"

तो बॉलची पिशवी उचलून आत यायचा. अंगणात तो बॉल टाकायचा आणि हे झेलताना ओरडायचे, "नंदू!" पोरगी माझ्या कडेवरून टक लावून बघायची. त्यानं एक सकाळ चुकवली नाही. त्याचे उपकार मी कुठल्या जन्मी फेडू?

*

क्लबनं सांगितलेल्या त्या मॅचला मी पोरीला घेऊन गेले. देवाचं नाव घेत बसलेली. शेवटी शेवटी कॉर्नरवरून उंच बॉल आला. हे ओरडले, "नंदू!"

नंदूनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि भर मैदानात मटकन खाली बसला!

बॉल ह्यांच्या हातात. खांदा जागेवर.

मॅच संपल्यावर कोचनं ह्यांच्या पाठीवर थाप मारली, "राहायचं." मला रडूच फुटलं. पोरगी बापाच्या कडेवर होती. नंदूनं घामेजलेले हात पुढं केले, "ये गं बाळ, काकाकडं ये."

तिनं बापाची मान दोन्ही हातांनी घट्ट आवळली आणि जन्मातला पहिला शब्द बोलली, "नंदू!"

नंदूचे डोळे भरून आले. "वैनी, ऐकलासा न्हवं? माझं नाव घेतलं!"