अठ्ठेचाळीस मैलांच्या आत

आमच्या घरी वरणातसुद्धा कापूस निघायचा. अब्बा पिंजारी. अमळनेरच्या एका खोलीत गाद्यांचा जुना कापूस, त्याची धूळ आणि आम्ही सगळे एकत्रच झोपायचो. थंडी पडायला लागली की अब्बा पिंजण खांद्यावर टाकून खेडी धरायचे, पारोळ्याकडची, एरंडोलकडची. कुणाच्या तरी ओट्यावर बसून गावच्या गाद्या उसवायच्या, पिंजणाच्या तातीवर मोगरी हाणून कापूस फुलवायचा, परत भरून टाके घालायचे, रात्री तिथंच पडायचं आणि उठून पुढचं गाव. घरी यायचे ते पांढऱ्या भुवया आणि कोरडा खोकला घेऊन. लोक म्हणत, पिंजाऱ्याला कसलं घर, जिथं पाठ टेकेल ते घर.

मग फोमच्या गाद्या आल्या. पिंजण वाजलं तरी कुणी दारात येईना. अब्बा जिनिंगमध्ये पोती उचलायला लागले. तिथंही कापूसच, पण तो फुलवायचा नाही, नुसता श्वासात घ्यायचा. त्या दिवसांतच मी बी.ए. झाले, नंतर एम.ए. आमच्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे कुणी विचारलं नाही तरी मी सांगते. आता धुळ्याला इतिहास शिकवते.

दर वर्षी मी खान्देशच्या फारुकी सुलतानांवर तास घेते आणि त्यांच्या राजधानीचं, बऱ्हाणपूरचं वर्णन करते. ते शहर मी पाहिलेलं नव्हतं. रावेर ओलांडलं की पुढे थोड्याच वेळात येतं, तरी नाही. यंदा ठरवलं. स्टाफरूममध्ये एकानं विचारलं, मूळ गावी का मॅडम? मी म्हटलं, मूळ गाव अमळनेर, हे बघायला चालले. असल्या प्रश्नांचा आता राग येत नाही, कंटाळा येतो.

अब्बांना सांगितलं तेव्हा ते खाटेवर बसले होते. जामा मशीद, किल्ला, हमाम, सगळं सांगून झालं. त्यांनी एवढंच विचारलं, अमळनेरपासून किती लांब?

का विचारलं ते मला कळलं. मुसाफिराला नमाजात सवलत असते. घरापासून साधारण अठ्ठेचाळीस मैलांपलीकडच्या प्रवासाला निघालेल्यानं चार रकातींच्या, म्हणजे उभं राहण्या-वाकण्या-माथा टेकण्याच्या चार फेऱ्यांच्या, नमाजात दोनच पढायच्या. अब्बांचं सगळं फिरणं त्या मैलांच्या आत झालेलं. पाय फुटेस्तोवर चालले, आठ आठ दिवस परक्या ओट्यांवर झोपले, पण नमाज चारचीच.

"बठ्ठा जनम पाठवर पिंजण लिसन चालनू," ते म्हणाले, "पन मुसाफिर कधी व्हयनू नही. माले एकदाव त्या दोन रकात पढन्या शेतस."

डॉक्टरांनी लांबचा प्रवास नको म्हटलं होतं. मी दोन तिकिटं काढली.

एक अडचण होती. स्थानिक इमामाच्या मागे जमातीत, सगळ्यांबरोबर रांगेत, उभं राहिलं तर मुसाफिरालाही पुऱ्या चारच पढाव्या लागतात. अब्बांना नमाज त्या मोठ्या मशिदीतच हवी होती, आणि हव्या होत्या दोन रकात. म्हणून दुपारची जमात उठल्यावर पोचायचं असं मी ठरवलं. अमळनेरच्या आमच्या मशिदीची वेळ धरून हिशेब केला. माझी चूक ती.

भुसावळला गाडी बदलताना पुलाच्या पायऱ्यांवर अब्बा तीनदा बसले. पुढची गाडी कुठंतरी मध्येच उभी राहिली. खिडकीबाहेर केळीच्या बागा होत्या आणि अब्बा डोळे मिटून नुसते श्वास ओढत होते. बऱ्हाणपूरच्या रिक्षात मला वाटलं, उगाच आणलं यांना.

मशिदीच्या अंगणात शिरलो तर हौदावर गर्दी. इथली जमात उशिरा होती. आम्ही ऐन तिच्या वेळेला येऊन उभे. एका म्हाताऱ्यानं अब्बांचा हात धरला, "आओ चाचा, सफ लग रही है." जमात उभी राहत असताना मागे सरायचा अब्बांना धीर झाला नाही. मी कडेला बसून पाहत राहिले. काळ्या दगडाच्या कमानींची लांबलचक ओळ, दोन उंच मिनार, वर घुमट नाही. वर्गात हेच मी न पाहता सांगत आले होते. त्या ओळीत एका कोपऱ्यात अब्बांची वाकलेली पाठ, प्रत्येक रकातीला उठायला थोडी मागे पडणारी.

अब्बा बाहेर आले ते खांबाला धरून. मी म्हटलं, "दोनच्या जागी चार. अल्लाकडे जास्त जमा झाल्या, अब्बा."

"माले जमा नही करनं व्हतं," ते म्हणाले. "माले सूट लेवानी व्हती."

मी त्यांना आतला शिलालेख दाखवला, अरबीच्या जोडीला संस्कृत कोरलेला. त्यांना दोन्ही वाचता येत नाहीत. पाहिल्यासारखं केलं आणि पाणी मागितलं. किल्ल्यात हमामाच्या छतावरची रंगीत नक्षी मी एकटीनंच पाहिली. ते दाराशी बसून राहिले. काय काय पाहिलं ते मी येऊन सांगू लागले, तर अब्बा म्हणाले, असरची वेळ झाली का बघ. दुपारनंतरची ही नमाजही एरवी चार रकातींचीच. मी म्हटलं, परतीच्या गाडीत बसल्या बसल्या पढा. त्यांनी मान हलवली. सीटवर नाही, जमिनीवर उभं राहून. आणि मशिदीत नको, तिथं परत कुणीतरी हात धरेल.

मग रिक्षानं तापीच्या घाटावर गेलो. हीच नदी पुढे आमच्या तालुक्याच्या कडेनं वाहते. अब्बांना पायऱ्या उतरवेनात. मी खाली जाऊन बाटली भरून आणली आणि त्यांच्या हातांवर, पायांवर धार धरली. वजू झाला. त्यांनी पिशवीतून चादर काढली, खेड्यांत पिंजलेला कापूस पसरायचे ती. इथंपर्यंत आणली होती, मला माहीत नव्हतं. म्हैस धुणाऱ्या एकानं खालून विचारलं, "कहाँ के हो चाचा?"

अब्बांनी चादर अंथरली. "मुसाफिर हूँ," म्हणाले.

म्हशीवाला हसला, "वो तो सब हैं. गाँव कौनसा?"

अब्बांनी गाव सांगितलं नाही. मला म्हणाले, "तू मांगे उभी ऱ्हाय." मीही वजू केला आणि त्यांच्या मागे उभी राहिले. पहिल्या रकातीत खोकला आला. थांबले, सावरले, नमाज सोडली नाही. दुसरीनंतर बसले आणि उजवीकडे, मग डावीकडे सलाम फेरला.

वयाच्या सत्तरीत माझ्या वडिलांनी मुसाफिराची नमाज पढली. दोन रकात.