माझी नक्कल

दादरला बस थांबली आणि कंडक्टर नाकातून ओरडला, "दाद्दर, दाद्दर, झोपलेले उठा!" मी खाली उतरता उतरता तस्संच ओरडून दाखवलं. दोघं हसले. कंडक्टरने मात्र माझी बॅग जरा लांबच टाकली. मुंबईत माझं स्वागत असं झालं.

तुम्हा वैभववाडीकरांना माहीतच आहे मी कशाला गेलो होतो. परदेशी प्रवाशांच्या तक्रारी फोनवर ऐकणारी एक कंपनी आहे, परळला. त्यांना इंग्रजी आणि फ्रेंच बोलणारी माणसं हवी होती. फ्रेंच मी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. शिकलो म्हणजे काय, नक्कल मारली. फोनवरच्या फेरीत पास झालो. शेवटच्या फेरीसाठी निरोप आला, 'तुमच्यात मोलाचं काय आहे ते आधी इंग्रजीत, मग फ्रेंचमध्ये सांगा.' आणि बाबांनी निघताना सांगितलं, "हा शेवटचा इंटरव्ह्यू. नाही झालं तर गपगुमान झेरॉक्सच्या दुकानात बसायचं." त्या मशीनसमोर मी बारावीपासून बसतोय. आलेला कागद आत घालायचा, तसाच बाहेर काढायचा. मला ते परत नको होतं.

उतरलो घोडपदेवला, मामाकडे. मामीने बांगड्याचं तिखलं (जाड रश्शाचं, त्रिफळं घातलेलं) वाढलं. मी बोटं चाटत म्हटलं, "मामी, एक नंबर!"

"खंय रे!" मामी म्हणाली. "मीठच पडाक नाय आज."

मीठ अगदी बरोबर होतं. तुमच्या-माझ्या घरात हे असंच असतं. कोणी चांगलं म्हटलं की ते आधी झटकायचं, अंगावर झुरळ पडल्यासारखं. शेजारच्या काकी डोकावल्या, "भाचो काय करता?" तर मामीच म्हणाली, "काय नाय, बसलेलो असता." हे माझ्यावरचं प्रेम बरं का.

जेवून मी गॅलरीत उभा राहून घोकायला लागलो, आय अ‍ॅम हार्डवर्किंग, आय अ‍ॅम कॉन्फिडंट. मामा पेपर खाली ठेवून म्हणाला, "कोणाक सांगतंस रे?"

"साहेबांना सांगायचंय, उद्या."

"आपणच आपली आरती ओवाळूची? लाज नाय वाटाची?"

वाटत होती ना! म्हणून तर दुपारी गिरगावला गेलो. आमच्या शाळेतल्या बाईंनी खोताच्या वाडीतल्या मिस फिलोमिनांचं नाव दिलं होतं. आयुष्यभर फ्रेंच शिकवलेल्या बाई. मी बसमध्ये शेजारच्या आजोबांच्या खोकल्याची नक्कल करण्यात एवढा रंगलो की स्टॉप पुढे गेला. उन्हात उलटा चालत आलो. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की एकदम लाकडी घरं, रंगीत कठडे, आणि एका व्हरांड्यात गुडघ्याला गरम पिशवी लावून बसलेल्या मिस.

"बोल," त्या म्हणाल्या. मी फ्रेंच झाडलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"उच्चार मस्त आहे रे तुझा. पण हा बातम्या देणारा कोणीतरी बोलतोय. तू कुठायस?"

मग त्यांनी समजावलं. इंग्रजीत सेल्फ-एस्टीम म्हणतात. तो हाय असतो नाहीतर लो, आपल्या बीपीसारखा. फ्रेंचमध्ये शब्द आहे 'एस्तिम द स्वा', स्वतःची स्वतःला वाटणारी किंमत. "पण तो पुस्तकातला," मिस म्हणाल्या. "घरात बोलताना माणसं म्हणतात, 'ज म साँ ब्यँ दाँ मा पो.' माझ्या कातडीत मला बरं वाटतं. तुमच्यात काय म्हणतात?"

मी विचार केला. "स्वाभिमान. पण तो आमच्याकडे रिक्षाच्या मागे लिहितात."

मिस खूप हसल्या. मग त्यांनी फुगे (तळलेले गोल पोकळ पाव) आणले. मी म्हटलं, "मिस, भारी झालेत!"

"हो," त्या म्हणाल्या. "माझे चांगलेच होतात."

मी चावायचा थांबलो. एवढं सोपं? आकाश कोसळलं नाही, शेजारीपाजारी कोणी हसलं नाही. मिसनी दुसरा फुगा घेतला आणि निवांत खाल्ला. परत येताना बसमध्ये मी तेच घोकत होतो. हो. माझं चांगलंच होतं.

दुसऱ्या दिवशी लालबागवरून परळला गेलो. काचेची इमारत, आत एवढा गारवा की मामाचा शर्ट घातलेला मी कुडकुडत होतो. समोर दोन साहेब आणि एक मॅडम, दादरच्या, मराठी अगदी धुतलेलं.

इंग्रजी मी आमच्या हेडमास्तरांच्या आवाजात ठोकलं. साहेब हसले. मला चेव चढला. फ्रेंच मिसच्या थरथरत्या आवाजात, ते कातडीचं वाक्यसुद्धा. तिघंही हसले. मला वाटलं, जिंकलो.

"तुमचा उच्चार फारच सुंदर आहे," मॅडम म्हणाल्या.

आणि माझ्या तोंडातून मामी बोलली. "नाही हो मॅडम, कसलं काय. असंच आपलं."

"असंच?" त्यांनी पेन खाली ठेवलं. "बरं, ते कोणी मास्तर झाले, त्या कोणी आजी झाल्या. आता तुम्ही सांगा. तुमच्या आवाजात. मराठीत सांगितलंत तरी चालेल."

मराठीत! मी तोंड उघडलं. मी आत शोधत होतो आणि आत सगळेच होते, हेडमास्तर, मामी, कंडक्टर, खोकणारे आजोबा. मीच सापडेना. 'हो, माझं चांगलंच होतं', एवढंच म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं आणि लाजेने परत गेलं.

मॅडमनी वाट बघितली. खरंच बघितली. मग हळूच म्हणाल्या, "फोनवर समोरचा वाटेल ते बोलतो हो. तिथे आपण आपल्या जागी उभं राहावं लागतं. तुम्हाला नाही जमणार." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याची नक्कल तरी केली असती.

मामाने विचारलं, "कसा झाला?" मी म्हटलं, "असंच." त्याला ते उत्तर पटलं.

परतीच्या बसमध्ये खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसत होतं. त्याला मी फ्रेंचमध्ये ते वाक्य म्हणून बघितलं. मिससारखंच आलं. इंग्रजीत हेडमास्तरांसारखं. मराठीत म्हटलंच नाही. तीन भाषा होत्या माझ्याकडे आणि सांगायला मी नव्हतो. नोकरी गेली त्याचं दुःख होतंच. पण ती मिळाली असती तरी तिथे नक्की कोण जाऊन बसणार होतं, हे काही केल्या कळेना.

काल संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं आणि स्टँडवर आलो. तुम्ही सगळे जमला होतात. "मुंबई करून दाखव!" मी कंडक्टर केला, मामा केला, मिस केल्या, मॅडम केल्या. तुम्ही पोट धरून हसलात. मग बंड्या ओरडला, "आता तू त्यांना काय बोललास, ता कर!"

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. काहीच आलं नाही. हात लोंबकळत, नजर खाली, मी नुसता उभा होतो, किती वेळ ते देव जाणे.

आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. बंड्या तर डोळे पुसत म्हणाला, "सेम टू सेम रे! अगदी तूच!"